कुत्र्यांची पेटी

एर्मेलिंदबाय म्हणाली, चाकांना हात लावू नको.
फक्त पॉलिश. हॉटेलवाले शनिवारी येतील.

केप्याच्या त्या गाडीखान्यात वटवाघळांचा वास.
शिकारगाडीचे सागवानी दांडे, पितळी दिवे,
एकाला काच नाही.
घोड्याचं नाव पट्ट्यावर अजून वाचता येतं: त्रुव्हांव.
घोडा कधीचाच मातीत.

बैठकीखाली कुत्र्यांची पेटी,
हवेसाठी तिरप्या पट्ट्या.
आत हात घातला तर बोटांना लागल्या रेघा,
खिळ्यानं ओढलेल्या,
चार उभ्या, एक आडवी.
पाचापाचाचे सहा गट, वर एक सुटी.

कुत्रा मोजत नाही.

फोंडूआजा नवव्या वर्षी हाकाऱ्याला जायचा,
डबा बडवून डुकरं उठवायचा.
म्हातारपणी ऐटीत सांगायचा,
भाटकाराच्या गाडीत बसून मी सांग्यापर्यंत गेलोय!
आम्ही कुणी विचारलं नाही,
कुठं बसून.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी अशी चमकली
की बायचा चष्मा तिच्यात दिसायला लागला.
वाकून म्हणाली, पेटी आतून राहिली की रे.
म्हटलं, तिथं ब्रश पोचत नाही.

पोचत होता.

तिनं पैसे मोजून दिले,
मी परत एकदा मोजले.