पोत

काळ्या गाडीवर डाग राहिले,
मोहरीएवढे, पांढरे, बॉनेटभर.
निमज्यांच्या पोरानं एक डाग नखानं खरवडून दाखवला:
"ताई, धुवायला आणली होती,
कांजिण्या घेऊन चालली."
लोमेशनं पुन्हा पुसली, पुन्हा तेच.
दिघोरीचं मे महिन्यातलं ऊन:
फडकं पोचायच्या आत थेंब उडून जातो,
मागे फक्त त्याचा चुना.

बोअर दोनशे साठ फूट. पाणी जड,
त्यात तुरीची डाळ शिजत नाही,
साबण रुसून बसतो.
म्हणून तर आरओ घेतलं होतं,
जारचा धंदा बुडालेल्या माणसाकडून,
शेवटचा हात त्या पाण्याचा मारायला.
कंपनीचा माणूस आला, बसलाही नाही.
"पूर्ण सिस्टीमच बदला."
एक लाख पासष्ट हजार.
मी मनात भागाकार केला:
अडीचशेच्या सहाशे साठ गाड्या.
त्या दिवशी सकाळपासून चार झाल्या होत्या.

मंगळवारी दुपारी खेमराज हेडाऊ आला,
रुमाल डोक्याला, पेटी मागे बांधलेली.
मीटर काढायच्या आधी त्यानं ओंजळभर पाणी तोंडात घोळवलं,
थुंकला.
पंपाला कान लावून उभा राहिला, आजाऱ्याची छाती ऐकावी तसा.
मग मीटर. आत अकराशे चाळीस,
बाहेर चारशे दहा.
"पंप ठणठणीत आहे जी. मेम्ब्रेन गेली.
मीठ कधी टाकलं होतं सॉफ्टनरमध्ये?"

मी लोमेशकडे पाहिलं.
लोमेश टाकीवरच्या कावळ्याकडे.
फेब्रुवारीत मीठ मीच बंद केलं होतं,
गोणीमागे गोणी किती आणायची म्हणून.
बोलले नाही.
त्यानंही पुढे विचारलं नाही.

मेम्ब्रेन निघता निघेना.
लोमेशनं नळकांडं गुडघ्यात धरलं, खेमराजनं ओढलं,
दोघंही मागे पडले आणि हसले.
जुनी टाकूनच द्यायची होती,
तरी त्यानं करवतीच्या पात्यानं सालपट चिरलं
आणि रॅम्पवर गुंडाळी सोडली:
कापड, जाळी, कापड, जाळी,
घडीघडीत खडूसारखी भुकटी.
दुकानदार लुगडं उलगडतो तसं उलगडत
तो पार जॅकपर्यंत गेला.
मग उकिडवा बसला, काठ दोन बोटांत धरून
चोळत राहिला.

"बाबा लुगडी विणत. तांडापेठेत.
मागाचा खड्डा होता घरात, पाय सोडून बसायचा.
आता बुजवला. त्याच्यावर फ्रिज आहे."
डोळे गेले डोमाजींचे, चार वर्षं झाली.
फ्रिज घरघरला की अजून विचारतात,
माग कोण चालवून राहिलं.
"पण बोटं आहेत. बोटांना सगळं दिसते."
त्यानं वीतभर तुकडा कापला,
नळाखाली धुतला, खिशात ठेवला.

नवी मेम्ब्रेन, दोन सील, एक फिल्टर,
मजुरीसकट तेरा हजार आठशे.
पहिलं तासभराचं पाणी वाया सोडलं,
मग मीटरवर बावन्न.
संध्याकाळी निमज्यांची गाडी मी स्वतः धुतली,
पैसे घेतले नाहीत.
छपरावर अख्खं आभाळ उतरलं, विजेच्या तारांसकट,
आणि सुकल्यावर काहीच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी खेमराजचा फोन.
आधी म्हणाला, मीठ विसरू नका.
मग थोडं थांबून:
"बाबांना दिला तो तुकडा.
लई वेळ चोळून पाहिला. म्हणाले,
उभा धागा नाही, आडवा नाही,
हे विणलेलं नाहीच. हे कोणीतरी ओतलं आहे,
पोळ्यावर पीठ ओततात तसं.
आणि मग विचारतात,
विणलं नाही, तर फाटल्यावर सांधतात कुठून?"

मी म्हटलं, सांधत नाहीत, बदलतात.

"तेच सांगितलं मी," तो म्हणाला.
"तुकडा काही परत दिला नाही त्यांनी."

पलीकडे भांड्यांचा आवाज, फ्रिजची घरघर.
इकडे लोमेश पाठीवर गोणी घेऊन फाटकातून येत होता,
मानेवरून घाम,
आणि शर्टावर मिठाची पांढरी रेघ,
त्याच्या की गोणीच्या, कोण जाणे.