चार टक्के माती

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीला, होसमनींच्या शेडमध्ये
रात्रपाळीला मी दोन प्लास्टिकं एकत्र वितळवते.
एक सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचं,
एक कारवारकडून आलेल्या फाटक्या जाळ्यांचं
(अजून मासळीचा वास येतो, नळीखाली धुतलं तरी).

दोनशे तीस अंशांत दोन्ही गुण्यागोविंदानं वाहतात.
पाण्याच्या टाकीतून दोरी बाहेर येते, थंडावते,
आणि वाकवली की कांद्यासारखी पापुद्र्यांनी सुटते.
डिसेंबरात पंपाची पन्नास झाकणं परत आली.
तुटलेल्या कडा इतक्या गुळगुळीत,
जणू आत कधी कुणी कुणाला धरलंच नव्हतं.

मग पिशवी आली. करडी, मैद्यासारखी भुकटी.
"माती हाय की," इराप्पा म्हणाला, आणि शिंकला.

माती, पण फिरवून आणलेली.
मूळची तिला पाण्याची ओढ, तेलकटाशी उभा दावा.
थराथरांमधलं साधं मीठ काढून
तिथं लांब शेपटीचं, चरबीच्या गोतातलं बसवलंय.
तेवढ्यानं थर सैल झालेत. स्वभाव बदललाय.
शंभराला चार टाकायची.
सात टाकून पाहिली एकदा, माल ठिसूळ.

ती दोघं एक होत नाहीत. कुणी तसं सांगितलं तर खोटं.
थेंब थेंबच राहतात, फक्त बारीक,
आणि मातीचे कपटे त्यांच्या शिवेवर जाऊन बसतात,
थेंबाला थेंब मिळू देत नाहीत.

बँकेचे साहेब शेड बघायला आले. म्हणाले,
"अहो, हे तर आपल्या सीमाभागासारखंच!"
होसमनी कानडीत हसले, मी मराठीत.
म्हटलं, साहेब, आत दोनशे तीस अंश असतात,
आणि टाकताना कुणी विचारत नाही, यायचंय का.

रविवारी एक झाकण खानापूरला नेलं.
बाबा चाकापाशी. "काय करूलालीस गे तिकडं?"
माती, म्हटलं.
"चाक?" नाही. "भट्टी?" आहे, विजेची.
ते मातीत राख मिसळतात, मूठभर लीद,
भाजताना तडकू नये म्हणून.
प्रमाण कुठं लिहिलेलं नाही, अंगठ्याला ठाऊक.

झाकण कानापाशी धरून त्यांनी पेरानं वाजवलं.
"बद्द वाजतंय. फुटकं हाय."
मग दगडावर आपटलं.
पुन्हा आपटलं.
मग काही न बोलता
आपल्या डुगडुगत्या पाटाखाली सरकवलं
आणि बसून बघितलं.