आधण ओतायचं नाही

तोरीनोत आमच्या घरी
पास्त्याला पाणी लागायचं बादलीभर.
उकळी, मूठभर मीठ, मग चाळणीत उपसा.
वाफेने आईचा चष्मा आंधळा व्हायचा,
आणि धो धो जाणाऱ्या त्या पांढुरक्या पाण्याकडे
कुणी ढुंकूनही बघायचं नाही.
नदी होती ना, पुलाखाली, भरलेली.

लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत
सासरी मी तसंच केलं.
अग्रिजेंतोच्या मागे, डोंगरावरचं गाव.
नळाला पाणी बाराव्या दिवशी,
तेही दोन तास, तेही खोकत खोकत.
मी चाळण सिंकमध्ये कलती केली
आणि स्वयंपाकघर गप्प झालं.
लिबोरियोने बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.
सासूबाई, क्रोचिफिस्सा,
सिंकच्या जाळीकडे बघत राहिल्या,
पत्र टाकून झाल्यावर
पेटीच्या फटीकडे बघावं तशा.
मग म्हणाल्या, "चाळण छान आहे गं.
खिळ्याला टांगून ठेव."

अजून तिथेच आहे ती.
दुपारी ऊन तिच्यातून शिरतं,
भिंतीवर ठिपके सांडतं,
एवढंच आता तिचं काम.

दुसऱ्या दिवशी त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या.
निळी टाकी, तिच्या सावलीत दुधीचा वेल,
तारेवरून शेजाऱ्याच्या अँटेनापर्यंत पोचलेला,
हातभर लांबीचे वाकडे दुधी लोंबत होते.
"फळ नको. शेंडे खुड.
नखाने तुटतील तेवढेच."
लवदार पानं, कुरळे तणावे,
पुढ्यात धरलेल्या ॲप्रनभर.

एकच पातेलं.
तेलात लसूण, टोमॅटो हातानेच चुरडलेले,
एक मिरची, तीही अख्खी, फक्त धाकापुरती.
पाणी? त्यांनी वाडग्याने मोजलं,
माणशी दीड, "आणि पातेल्यासाठी अर्धं."
पातेल्यालाही तहान असते
हे मला तोवर माहीत नव्हतं.
पानं पडली की ढीग उंच,
झाकणही बसेना;
दोन मिनिटांत सगळा ताठा खाली.
मग त्यांनी स्पॅगेटी फडक्यात गुंडाळली
आणि टेबलाच्या कडेवर
काड् काड् काड्.

मी तोंडावर हात ठेवला.
आमच्याकडे स्पॅगेटी मोडणं म्हणजे
पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं.
"तुकडे झाले की कमी पाण्यात शिजतात,"
त्या म्हणाल्या, "अख्ख्यांचे नखरे कोण पुरवणार?"
बोलताना माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.
बघितलं असतं तर बहुतेक मी रडले असते.

कढत खायचं नसतं ते.
खिडकीत ठेवायचं, सावली गल्ली ओलांडेपर्यंत.
रस्सा हिरवट, पिठूळ, किंचित कडसर;
पहिल्या घासाला काहीच नाही,
तिसऱ्याला, अरे!
पातेलं पावाने पुसलं की
घासायलाही पाणी फारसं लागत नाही.

याला झाली एकोणीस वर्षं.

काल आईचा फोन.
पुलाखाली दगड उघडे पडलेत म्हणाली,
तिने कधी न पाहिलेले, एकावर जुनी सायकल.
नगरपालिकेची चिठ्ठी आलीये दारावर.
मग जरा थांबून,
"तुझ्या सासूचं ते... एका पातेल्यातलं.
कसं करतात?"

मी सांगू लागले. शेंडे तिकडे मिळणार नाहीत.
मागून क्रोचिफिस्सा, आता कानाने मंद, आवाजाने नाही:
"जे असेल ते टाक म्हणावं! झुकिनी टाक!
पण मोडायला सांग!"
"आई, त्या म्हणताहेत, मोडायची."
"ऐकलं. गल्लीनेही ऐकलं असेल."

मग पलीकडे बराच वेळ काही नाही.
कपाटाचं दार. कागदाची सळसळ.
हजारेक किलोमीटरवर एक बाई
हातातल्या जुडीकडे बघत उभी.

आणि काड्.

"अगं, फडकं राहिलं," आई म्हणाली,
"सगळीकडे उडाल्या."
तिला हसू येत होतं.
क्रोचिफिस्सांनी विचारलं, "काय म्हणते?"
मी म्हटलं, "मोडली."
त्यांनी मान हलवली,
आणि आमचं पातेलं खिडकीत नेऊन ठेवलं.