एक भूत जास्त

सोसायटीच्या मीटिंगला मी गेलो नव्हतो,
म्हणून मुलांच्या सुरक्षेचं खातं माझ्याकडे आलं.

एकतीस ऑक्टोबर, बालेवाडी, संध्याकाळचे साडेसहा.
तुळशीचं लग्न व्हायचंय,
म्हणून आकाशकंदील अजून गॅलऱ्यांत,
आणि त्यांच्या खालून भुतं निघायची आहेत.

चांदवडकर आजोबांनी ग्रुपवर विचारलं,
सर्वपित्रीला झाली ना सगळ्यांची सोय? पुन्हा कशाला?
कुणी उत्तर दिलं नाही.
संध्याकाळी त्यांच्याच दाराबाहेर राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा,
वर चिठ्ठी : एकेकच घेणे. भुतांनी बेल वाजवू नये.

मी तेवीस पोरं मोजली.
काळे झगे घोट्यापर्यंत कापले
(एका चेटकिणीनं त्यावरून भोकाड पसरलं),
जिन्यात तरी मुखवटे कपाळावर घ्या म्हटलं.
प्रत्येकाच्या पाठीवर चमकत्या पट्टीची फुली,
हायवेवर ट्रकच्या मागे असते तशी.
तन्वयला शेंगदाणा चालत नाही :
ते त्याच्या मनगटावर मार्करनं लिहिलं,
पिशवीवर लिहिलं,
आणि विसरेन म्हणून माझ्या हातावर.

लिफ्टमध्ये सहाच भुतं.
नारिंगी कागद लावलेल्या दाराशीच थांबायचं.
उंबरठा ओलांडायचा नाही,
कुणी कितीही गोड बोललं तरी, ओळखीचं असलं तरी.
(हे म्हणताना मी कुठल्याच मोठ्या माणसाकडे पाहिलं नाही.)
आणि भुताला नाही भ्यायचं, टँकरला भ्यायचं.
रिव्हर्स येताना त्याला मागचं काही दिसत नसतं.

गोरोबांनी गेटची दांडी खाली पाडली.
पार्सलवाले बाहेर थांबले, हेल्मेटातून हसत.
टँकरवाला हॉर्न दाबत राहिला, तेव्हा गोरोबा म्हणाले,
थांब की जरा, मेलेली माणसं जातायत.

ए विंग, बी विंग, मग सी.
मी जिन्यानं वर, जिन्यानं खाली, शिटी गळ्यात.
खाली आल्यावर मोजली.
चोवीस.

पुन्हा मोजली.
चोवीस.

एक कमी भरलं तर काय करायचं, ते घोकून ठेवलं होतं :
आधी कुठला जिना, कुणाला फोन, टाक्यांची झाकणं, गच्चीचं कुलूप.
एक जास्त भरलं तर काय,
हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.
मानेवर काटा आला. खोटं कशाला सांगू.

मग दिसलं, एका भुताच्या पाठीवर फुली नाही.
पांढरी चादर, कडक इस्त्रीची,
कोपऱ्यात पेनानं बारीक : बी ११०२.
आमचीच.

आणि डोळ्यांना भोकं नव्हती.

गेटजवळच्या रामसजीवनच्या टपरीतली पोर.
नाव विचारावं लागलं. रोली.
रोज संध्याकाळी ती कपडे वर आणून देते,
पण आज पहिल्यांदाच मी दारात थांबून काही विचारत होतो,
तेही पार्किंगमध्ये.
कसं गं दिसत होतं तुला?
चादर म्हणाली, दिवे दिसतात. आणि पुढच्याचा झगा धरला होता.
तीन इमारती. पाण्यानं ओले जिने. अंधारातलं ते वळण.

खिशात कात्री होती, झग्यांसाठी आणलेली.
ती मागे सरकली. काका, कापू नका, लोकांची आहे.
लोक मीच, म्हटलं,
आणि कापडावर बोटांनी हलकेच तिचे डोळे शोधले.

बाहेर आले ते दोन डोळे
आधी माझ्याकडे नाही, पिशवीत बघायला गेले,
काय काय मिळालंय ते.

पट्टी संपली होती.
माझ्या पाठीवरची तन्वयनं सोलून काढली.

चादर तीन दिवसांनी घरी आली, चौघडी घातलेली.
भोकांना आतून ठिगळं, पांढऱ्या दोऱ्याची,
इतकी बारीक शिवण की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.
बिलात फक्त इस्त्रीचे पैसे.

पुढच्या वर्षी उसवावी लागतील.