शिंग

शिंगाला बूड नसतं, तेंगिझ.
भरलं की रितं करूनच खाली ठेवायचं.
काल तू अकरा वेळा रितं केलंस:
नवरानवरीसाठी, मेलेल्यांसाठी,
शेवटी तर शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या बैलासाठीही.

पहाटे तीनला तुझ्या छातीवर कान ठेवला.
आत कुणीतरी अंधारात किल्ली शोधत होतं,
भराभर, मग थांबून,
मग पुन्हा भलत्याच खिशात.

तेलावीच्या दवाखान्यात
डॉक्टर एतेरीने पट्टी उजेडात धरली.
"वरचे कप्पे आवळत नाहीत,
नुसते थरथरतायत," म्हणाली.
"दारूनं होतं असं. धडधाकट माणसालाही."
"आमच्याकडे लग्न होतं," तू म्हणालास,
एवढं उत्तर पुरेसं असल्यासारखा.

दुपारी ठोके आपसूक ओळीत आले.

आता अंगणात पुरलेल्या रांजणाचं झाकण
तू सरकवतोस. ऑक्टोबर आहे,
आत द्राक्षं खदखदतायत.
लांब काठीनं ढवळतोस, थांबतोस,
गुडघे टेकून कान लावतोस.
"ऐक," म्हणतोस, "जिवंत आहे."

मी वाकते.
ना ठेका, ना सम.
हा आवाज मला ओळखीचा आहे,
पण तुला ते सांगत नाही.
काठी मात्र हातातून काढून घेते.