पाव फेरी

दिवसभर सियागंजात मी स्क्रू विकतो.
पाऊण इंची, दीड इंची, काळे, पितळी,
किलोवर, कधी उधारीवर.
कुठल्या लाकडात कुठला किती घुसेल
हे मला न बघता सांगता येतं.

रात्री साडेनऊला, दात घासून झाले की
मंजुळा माझ्या मांडीवर डोकं टाकते आणि आ करते.
सुरुचि मोबाइलचा उजेड धरते.
आत, टाळूला, हरभऱ्याएवढा एक स्क्रू.
भोकात किल्ली घालायची, घशाच्या दिशेने ढकलायची,
पाव फेरी. बस.
किल्लीला लाल दोरा, दोरा माझ्या बोटाला,
न जाणो, गिळली तर.

डॉक्टर छाजेड म्हणाल्या, आठव्या वर्षी हे सोपं असतं.
टाळूच्या मधोमध एक शिवण असते,
अजून कच्ची, नुसते टाके घातल्यासारखी.
पुढे ती आवळली की हाड कोणाचं ऐकत नाही.
मी विचारलं, वर जागा झाली की
हिचं तोंड उघडं टाकून झोपणं थांबेल?
म्हणाल्या, बहुतेक.
दुकानात मीही गिऱ्हाइकाला बहुतेकच म्हणतो.

शेजारच्या भागवतकाकू म्हणाल्या,
अहो, दुधाचे दात ते, पडतील की!
एवढ्याशा पोरीला कसला खिळा ठोकलात?
मी त्यांना खिळा आणि स्क्रू यातला फरक सांगितला.
तिसऱ्या रात्री, किल्ली फिरताना
मंजुळाच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं,
तेव्हा तो मलाच आठवेना.

माझा सुळा शेजारच्या दातावर चढून बसलाय,
आमच्याकडे कोणी त्याची चौकशी केली नाही.
ओठ मिटून हसायला मी आपला आपणच शिकलो.
लग्नाच्या अल्बममधला बाबा
काहीतरी चोरून आणल्यासारखा दिसतो, मंजुळा म्हणते.

पाचव्या दिवशी कळलं, ळ गेला.
जीभ जिथे जाऊन टेकायची तिथे आता पोलाद.
शाळेची शाला झाली, केळं केलं झालं.
तसाही इथे तो कितीसा लागतो?
हजेरीत ती पहिल्यापासून मंजुला,
रिक्षात मंजुला, ट्यूशनला मंजुला.
पाहुण्यांच्या कपबशांसारखा तो आम्ही घरात जपलेला.
फक्त सांवेरहून येणारा दूधवाला, मालवीत बोलता बोलता,
तो सहज ओट्यावर सांडून जातो.

अकराव्या दिवशी पुढच्या दोन दातांत फट पडली.
पडेल, घाबरू नका, तीच खूण, असं बजावलेलं होतं.
तरी सुरुचि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसली.
मंजुळाने आरशापुढे उभं राहून
फटीत रतलामी शेवेची एक काडी बसवून बघितली.
मावली.
शेव तिला बंद होती. मी काही बोललो नाही.

फ्रिजवरच्या कागदावर अठ्ठावीस फुल्या झाल्या.
स्क्रूचं भोक डॉक्टरांनी बुजवून टाकलं,
आता सहा महिने हे असंच राहणार,
मधल्या जागेत नवं हाड भरून येईपर्यंत.
किल्ली मी गल्ल्यात ठेवलीय, सुट्ट्या पैशांत.
साडेनऊ वाजले की बोट अजून दोरा शोधतं.

काल सकाळी ती ओट्यावर एकटीच बसली होती.
जीभ पोलादाच्या मागे, पार आत नेऊन
काहीतरी घोळवत होती, थुंकी उडवत,
केल्, केल्ड, के—
आला तो ळ नव्हता.
ल पण नव्हता.
दूधवाल्याचा हात मापावर थांबला.
म्हणाला, फेर बोल.