मागच्या दाराची पट्टी

उन्हाळ्यात पट्टी पहाटेच बसवावी.
नऊनंतर आर्वीत लोखंड ताणतं, हाताला डसतं,
अन् भोकाशी क्लिप जुळत नाही.
म्हणून साडेचारला उठलो, पोराला हलवलं,
दोघांनी गाडी निंबाखाली लोटली.
इंजिन सुरू केलं नाही,
शेजारची म्हातारी आत्ताच कुठं झोपली होती.

सदुसष्टची फियाट. बोबडे डॉक्टरांची, गुरांच्या.
हिच्या मागच्या सीटवर बसून
एकदा एक गोऱ्हा आला होता दवाखान्यात,
खिडकीबाहेर तोंड काढून.
डाव्या दाराला शिंगाचा खड्डा होता,
तो मी बुजवला. विचारून बुजवला.
आता रंग असा, की त्यात निंबाचे फाटे मोजावे.

त्याच रंगात दाभण घालायचं
म्हणजे छाती लागते.
खाली जुनी भोकं झाकली गेलेली,
बोटानं चाचपायची, टोकानं हलके उकलायची,
प्रत्येकात थोडं ग्रीस, पावसाळ्याच्या नावानं.
मग सुताराची दोरी, पण निळीशिवाय,
पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत.
"ताण. झटकू नको."
पोरगा श्वास धरून उभा.

सात पट्ट्या अमरावतीहून पाणी मारून आलेल्या.
कागद सोडला तर प्रत्येकीत माझंच तोंड,
वांग्यासारखं लांब.
आठवी नव्हतीच.
नागपूरच्या भंगारात दोन दिवस फिरलो,
एक मिळाली ती दुसऱ्याच गाडीची, बोटभर आखूड.

सापडली कुठं, तर रोहण्याला,
सुदाम नक्षणेच्या दुकानात.
दाढी करायला बसलो होतो, मान मागं टाकलेली,
अन् आरशाच्या वर, दोन खिळ्यांवर आडवी,
तीन ओले टॉवेल पाठीवर घेऊन
ती.

"हे कुठून आणली गा?"
"बस स्टँडमागं पडेल होती. अठ्ठावीस वर्सं झाली.
काऊन? तुमची हाय काय?"
साबण सुकेपर्यंत मी काही बोललो नाही.
मग सांगितलं.
त्यानं वस्तरा पुसला, टॉवेल एकेक उतरवले,
घडी केली, खुर्चीवर ठेवली.
पैशाला हात लावला नाही.
"टॉवेल टांगाले काई तरी आणून द्या म्हंजे झालं."
मी नळाचा पाइप दिला, नवा, सरळ.
त्यानं वळवून पाहिला.
"चमक नाई याच्यात," म्हणाला.

तिला पाणी मारायची गरजच नव्हती.
रोज सकाळी पावडरच्या फडक्यानं पुसलेली,
तिची चमक सातांसारखी नाही,
जरा मऊ, जरा पिवळट,
अन् मधोमध किंचित झोक, टॉवेलांच्या ओझ्याचा.
फळीवर ठेवून रबरी हातोडी उचलली,
परत ठेवली.

बसवताना हातोडी नाहीच वापरायची.
एका टोकाकडून तळहातानं दाबत जायचं,
टच्. पुढं. टच्.
कान द्यायचा. मुकी राहिली ती क्लिप बसली नाही.
उजाडेपर्यंत डावी बाजू झाली,
दूधवाला जाईपर्यंत उजवी.

डॉक्टर सकाळी आले, नातीच्या खांद्यावर हात ठेवून.
मोतीबिंदूनं दोन्ही डोळे दुधाळ.
पट्टीवर तळवा ठेवून ते पुढून मागं चालले,
जसे गाईच्या कण्यावरून जायचे.
मागच्या दाराशी थांबले. थोडं मागं आले. पुन्हा तिथंच.
"हे काय आहे?"
"टॉवेल, साहेब."
मी सगळं सांगितलं, नक्षणेचं, खिळ्यांचं.
ते हसले नाहीत.
"दुखत नसेल तर राहू दे," एवढंच बोलले.

रात्री पँट धुवायला टाकताना
खिशात एक क्लिप लागली.
मोजून घेतल्या होत्या. मोजून लावल्या होत्या.
पोराला विचारलं, तो झोपेत "हाव" म्हणाला.
उठलो, टॉर्च घेऊन निंबाखाली गेलो,
एकेक जागा अंगठ्यानं दाबून पाहिली.
सगळ्या घट्ट.
टॉर्चचा उजेड सातांवरून घसरत गेला,
आठवीवर जरासा वाकला.